बसल्या जागी अकरा हजार पावलं

गल्लीच्या तोंडाशी, डाव्या हाताला तिसरं दुकान मास्तरांचं. तीन पायऱ्या चढल्या की समोर कापायचं लांब टेबल, टेबलामागे पायमशीन आणि मशीनमागे मास्तर. एकेचाळीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसत आले होते. स्टुलाची फळी झिजून मधोमध खोलगट झाली होती. गिऱ्हाइकं गमतीनं म्हणत की मास्तरांनी स्वतःचं माप एवढ्या एकाच ठिकाणी घेतलंय.

शिंप्याचा 'उद्या' कसा असतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण मास्तरांनी दिलेला वार कधी चुकला नव्हता, आणि त्यांच्या टेपनं कधी कुणाची भीड धरली नव्हती. पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या माणसाला ते शांतपणे सांगत, "श्वास सोडा. कपडा दिवसभर घालायचाय, एवढा वेळ कोण श्वास धरून बसणार?" मग माणूस ओशाळून श्वास सोडी, पोट आपल्या जागी येई, आणि खरा आकडा वहीत चढे. मास्तरांना या गोष्टीचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवत नसत, पण टेप गळ्यात अडकवून दुकानाच्या दारात उभे राहिले की तो दिसे.

एका संध्याकाळी घरी पाय धुताना बायकोला त्यांच्या टाचेत टाचणी दिसली. पार डोक्यापर्यंत रुतलेली. दुकानात ते अनवाणी बसत, तेव्हा सकाळीच कधीतरी घुसली असणार. दिवसभर त्याच पायानं त्यांनी मशीन चालवलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. बायकोनं टाचणी उपसली, थेंबभर रक्त आलं. मास्तर नुसते बघत राहिले, जणू पाय शेजाऱ्याचा होता.

डॉक्टरीणबाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असेल. तिनं रक्त तपासलं, तळव्यांना कापूस लावून पाहिला, आणि साखर आजची नाही, बऱ्याच वर्षांची मुक्कामाला आहे असं सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. निम्मं काम गोळ्या करतील, म्हणाली, उरलेलं निम्मं पायांनी करायचं. रोज सकाळी तासभर, जरा भरभर चालायचं.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"जेवणार किती दिवस? तितके."

नाही चाललं तर हा बधिरपणा वर सरकत येईल, एखादी जखम चिघळेल, मग आधी बोटं कापावी लागतील, हेही तिनं सांगितलं. कापणं म्हणजे काय ते मास्तरांना दोनदा सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चालायला निघाले खरे, पण गल्ली ओलांडेपर्यंत त्यांचा जीव अर्धा झाला. त्यांच्या गल्लीत माणूस घराबाहेर पडला की तो कशासाठी तरी पडे. पाणी, दूध, किल्ली, कुणाची विचारपूस. नुसतंच चालायचं, जिथून निघालो तिथंच परत यायचं, हातात काही न्यायचं नाही की आणायचं नाही, याची मास्तरांना लाज वाटली. ज्यांच्या कमरा त्यांनी इतकी वर्षं मोजल्या होत्या ती सगळी माणसं आपापल्या दारांतून आता त्यांच्या कमरेला टेप लावताहेत असं त्यांना वाटलं. समोरचा घड्याळवाला दुकानाची फळी काढत होता. त्यानं साधंच विचारलं, "सकाळी सकाळी कुठं, मास्तर?"

"भाजीला," मास्तर म्हणाले.

आता भाजीला म्हटल्यावर भाजी आणणं आलं. पालकाची जुडी घेऊन ते पंधरा मिनिटांत घरी परतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जुडी हातात घेत बायको म्हणाली, "तुमचे पाय सुधारेपर्यंत माझ्या घरात पालकाचा मळा होईल." चौथ्या दिवशी मास्तरांनी कामाची घाई सांगितली आणि तासभर आधीच दुकान उघडून स्टुलावर जाऊन बसले.

त्यांना एकच लेक. दोन तासांवरच्या शहरात विम्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून काम करायची. आईकडून टाचणीचं कळल्यावर पुढच्या सुट्टीला ती आली ती मनगटाला बांधायचा एक काळा पट्टा घेऊनच. त्या पट्ट्यात दिवसभराची पावलं मोजली जात, आणि तो आकडा कसा कोण जाणे तिच्याही फोनवर उमटे. पट्टा बांधताना ती म्हणाली, "मापात तुम्ही कुणाला सोडलं नाहीत, बाबा. आता मी तुम्हाला सोडणार नाही." अंघोळ सोडता तो काढायचा नाही, असं बजावून ती गेली.

आता पुढं जे झालं त्यात सुरुवातीला लबाडी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. त्या आठवड्यात एका कोटाचं अस्तर शिवायचं होतं. कापड रेशमी, नाजूक. पट्ट्याचं बक्कल त्यात अडके. दोनदा धागा ओढला गेला तेव्हा मास्तरांनी पट्टा मनगटावरून काढला, आणि लेकीनं काढू नका म्हटलंय म्हणून उजव्या घोट्याला बांधला. मग अस्तर झालं, दोन विजारी झाल्या, पडद्यांच्या लांब लांब शिलाया झाल्या. पायडल खालीवर होत राहिलं, आणि त्याबरोबर घोटाही. संध्याकाळी पट्ट्यानं आकडा दाखवला तो अकरा हजार दोनशे सहा.

मास्तरांना क्षणभर हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

लेक होती. तिनं अकरा हजार पाहिले होते. ती नुसती हसत होती. लग्न होऊन गेल्यापासून तिचं असं मोकळं हसू मास्तरांनी ऐकलं नव्हतं. मध्येच नवऱ्याकडे वळून, बघितलंत का आमचे बाबा, असं ती म्हणाल्याचंही त्यांना ऐकू आलं. सांगायचं वाक्य मास्तरांच्या तोंडात तयार होतं: अगं, ते मशीनमुळं झालं. एवढंच. पण त्या हसण्यात ते शिरलं नाही. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. शिंप्याचा तो जगाला ठाऊक असलेला उद्या मास्तरांच्या दुकानाची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

दुसऱ्या दिवशी पट्टा घोट्यालाच राहिला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तो मुद्दाम घट्ट केला.

रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. लेक विचारी, आज कुठपर्यंत गेला होतात? आकडा होता, पण आकड्याला रस्ता हवा. मास्तर तोही शिवू लागले. नदीवरच्या पुलापर्यंत, ते सांगत. पुलाच्या अलीकडे पिवळ्या फुलांचं एक झाड आहे, त्याखाली जरा टेकतो, मग परत फिरतो. आज फुलांचा सडा पडला होता. आज एक म्हातारी फुलं वेचत होती. जिथं दहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं तिथलं ते असं सांगत, की कधी कधी ऐकताना त्यांचा त्यांनाच गारवा वाटे. लेकीनं मग स्वतःसाठीही तसाच पट्टा घेतला. तीही दिवसभर बसून काम करायची, तीही बाळंतपणानंतर अंगानं सुटली होती. तिची पावलं चार हजारांवर अडत. तेव्हा मास्तरांनी हसत हसत म्हटलं, "माझ्या निम्मी तरी करून दाखव. म्हाताऱ्या बापाला जमतं, तुला काय धाड भरली?"

बायको भाजी निवडत ते ऐकत होती. तिनं वर पाहिलं, मास्तरांच्या घोट्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

असे अडीच महिने गेले. एका दुपारी मास्तर काज करत बसले असताना दुकानाच्या फोनवर जावई आला. भला माणूस. सासऱ्याशी बोलताना आधी दहा वेळा घसा खाकरायचा. त्यानं सांगितलं की तिचा गुडघा सुजलाय. तीन आठवडे झाले. डॉक्टरनं पंधरा दिवस पाय वर करून बसायला सांगितलंय. पण ती पट्टी बांधून दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या आवाराला फेऱ्या मारते, रात्री गुडघा शेकत बसते. अडवलं तर म्हणते, त्रेसष्टाव्या वर्षी, बधिर पायांनी माझे बाबा अकरा हजार चालतात, आणि मी गुडघा कुरवाळत बसू?

"ती माझं ऐकत नाही," जावई म्हणाला. "तुमचं ऐकेल. तुम्ही सांगितलं तर नक्की ऐकेल."

सांगतो, असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. हातातलं काज अर्धं राहिलं होतं. ते पुरं करायला त्यांनी सुई उचलली, पण सुईचं टोकच दिसेना. कानशिलं तापली होती. भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, आपल्याला कुणी उघडं केलंय असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून घोट्याचा पट्टा सोडला. खाली कातडीवर पांढरट वळ उठला होता, तोही त्यांना कधी जाणवला नव्हता.

सुटायच्या वाटा त्यांनी शोधल्या, नाही असं नाही. पट्टा हरवला म्हणावं. बिघडला म्हणावं. गुडघा बरा होईपर्यंत तू चालू नकोस, असं नुसतं दटावावं, बाकी झाकलेलंच राहू द्यावं. पण मग गुडघा बरा झाल्यावर ती पुन्हा त्या पुलाच्या, त्या झाडाच्या मागे लागणार होती.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. रोज वाटायचं, आज सांगतील."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुमच्यावरची तिची श्रद्धा मी मोडायची होय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

सकाळी त्यांनी पट्टा मनगटाला बांधला आणि घराबाहेर पडले. पिशवी घेतली नाही. घड्याळवाल्यानं विचारलंच, कुठं, मास्तर? भाजी ओठांवर आली होती. मास्तर थांबले, आणि म्हणाले, "कुठं नाही. चालायला. डॉक्टरनं सांगितलंय, नाहीतर पाय जातील." घड्याळवाल्यानं एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, बरं म्हणाला, आणि फळी उतरवायला लागला. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी अडीच महिने गेले होते. मास्तर कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, तिथं त्यांना धाप लागली, कुणाच्या तरी ओट्याला हात टेकून उभे राहिले आणि परतले. दुकानात बसल्यावर त्यांनी पट्टा काढून खुंटीला लावला. आकडा दोन हजार एकशे चाळीस.

संध्याकाळी फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

"बाबा, बरं नाही का तुम्हाला? आज दोनच हजार दिसतायत."

"बरा आहे मी," मास्तर म्हणाले. "आजचीच खरी आहेत."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. अस्तर, बक्कल, घोटा, पायडल. मापाचा आकडा वाचून दाखवावा तसं, एका सुरात. तिला गुडघ्यावरून काहीही म्हणायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. पलीकडे भांडं पडल्याचं ऐकू आलं, म्हणजे फोन चालू होता.

"आणि ते झाड?" तिनं विचारलं.

"तेही नाही."

"मी त्या आवारात फेऱ्या मारताना तेच डोळ्यापुढं आणत होते. एका बाजूला भिंत, एका बाजूला गाड्या. म्हणायचे, बाबा आता झाडापाशी आले असतील, आणखी एक फेरी."

मास्तर गळ्यातला टेप बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"मी तुमचा आकडा माझ्या फोनवरून काढून टाकते," ती शेवटी म्हणाली. रागानं नाही, दमल्यासारखी. "चाला, नाही चाला. मला नाही बघायचं."

त्यानंतर संध्याकाळचा फोन बंद झाला. जावयाकडून कळलं की तिनं रजा टाकलीय आणि पाय उशीवर ठेवून बसते. कुणाचं ऐकून बसली, हे त्यानं विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. मात्र ते रोज सकाळी निघत. आता त्यांना कुणी मोजत नव्हतं. पट्टा बांधला काय, न बांधला काय, सारखंच होतं, तरी ते बांधत. टाकी मागे पडली, मग शाळा, मग लाकडाची वखार. दारात उभ्या असलेल्या बायाबापड्यांसमोरून पोट सांभाळत जाताना अजूनही मान खाली जाई, पण ती आता पोटामुळं जात नसे.

सतराव्या दिवशी फोन आला. लेकीनं आईची चौकशी केली. बाळाच्या झबल्याला गळा केवढा ठेवू, असं विचारलं, कारण तिकडच्या शिंप्यानं तो घट्ट केला होता. मास्तरांनी सांगितलं, बाळाच्या डोक्याचा घेर घे, त्यावर दोन बोटं सोड. तिनं लिहून घेतलं. पावलांचं तिनं काही विचारलं नाही. मास्तरांच्या जिभेवर पाच हजार तीनशे होते, सगळे पायांनी चाललेले. ते त्यांनी गिळले, आणि गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं.

"उतरलीय सूज," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवते, बाबा. बाळ उठलंय."