चावी काढल्यानंतरची धडधड

"वन्सं, हे बोलत नाहीयेत," एवढंच वहिनी फोनवर म्हणाल्या. रविवारची सकाळ होती, मी पोळ्या लाटत होते. मला वाटलं, झालं यांचं काहीतरी बिनसलं. दादा रुसला की तोंडाला कुलूप लावून बसायचा, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी हसून म्हणाले, "मग तुम्हीही बोलू नका. जेवायच्या वेळी येईल ताळ्यावर." मग त्यांच्या शेजारणीनं फोन घेतला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लगेच या."

नेरूळमध्येच, रेल्वेच्या पलीकडच्या बाजूला दादाचं घर. रिक्षात बसले तेव्हा माझ्या हाताला पीठ तसंच होतं. पोचल्यावर कळलं, दादा खालून, पार्किंगमधून वर आला, खुर्चीत टेकला, "चहा टाक गं," म्हणाला. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी साधी बीपीची गोळी घेतली नाही, त्याचं हृदय! त्याचे हात ग्रीसनं काळे होते. न्यायच्या आधी मी साबण लावून घासले, तरी नखांतलं काळं निघेना. "राहू द्या वन्सं," वहिनी म्हणाल्या, "ते कधीच निघत नाही." काही आठवडे झालेत, पण मला अजून हे खरं वाटत नाही. परवा बाजारात चांगले वाल दिसले तर मी त्यालाच फोन लावायला निघाले होते.

भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी मान हलवत सुनावलं, "गाडी बंद होत नव्हती, आणि माणूस मात्र..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. चहा पुढे केला आणि आत निघून गेले. असली सुभाषितं ऐकायला माझा भाऊ गेलेला नाही.

पण गाडीची गोष्ट खरी. दादा तळोज्याला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होता. पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर त्यानं ही कार्बोरेटरवाली पांढरी गाडी हौसेनं घेतली, तीही तिसऱ्या हातातली. तिला एकच खोड होती. चावी काढली तरी इंजिन बंद होत नसे. आम्ही खाली उतरलोय, चावी दादाच्या खिशात आणि ही आपली अंगात आल्यासारखी थडथडतेय. शेवटी एक आचका द्यायची आणि शांत व्हायची. सोसायटीचा वॉचमन लांबूनच ओरडायचा, "काका, तिला बोला ना, घर आलं!"

दादाला मात्र तिचा राग कधी आला नाही. मला समजावून सांगायचा, "अगं, आत काजळी धरते. ती निखाऱ्यासारखी लाल होते. मग ठिणगी बंद केली तरी पेट्रोल तिच्यावरच पेटतं. त्यात रेस जास्त असली की संपलंच." रेस म्हणजे पाय काढल्यावर इंजिन नुसतं ज्या वेगानं फिरतं तो वेग. दर रविवारी बॉनेट उघडून तो उभा. हेड खोलून काजळी खरवडून झाली, प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलून पाहिला. शेवटी कार्बोरेटरवरचा एक स्क्रू फिरवून रेस कमी करायचा, की गाडी शहाण्यासारखी बंद व्हायची. दोन दिवस गेले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. "विकून टाक ना," मी म्हणायचे. "बिघाड सापडायचाय अजून," तो म्हणायचा, आणि मी कपाळाला हात लावायचे.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. एका दुपारी वहिनी भाजी निवडता निवडता थांबल्या. "वन्सं, तो बिघाड मी होते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"रेस कमी केली की गाडी सिग्नलला बंद पडायची माझ्याकडून." वहिनी पन्नाशीनंतर गाडी शिकलेल्या. दिघ्याला आईकडे एकट्या जायच्या. "मागनं सगळे हॉर्न मारायचे. एकदा तर मी रडलेच. मग हे कुठला स्क्रू फिरवतात ते बघून ठेवलं. शिलाई मशीनचा पेचकस घ्यायचा आणि थोडी वाढवून ठेवायची. ह्यांना सांगितलं असतं तर गाडी विकली असती, म्हणाले असते, तुला नाही जमत." त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "त्या आठवड्यातही वाढवली होती. म्हणून हे खाली गेले. उकाड्यात तासभर वाकून उभे होते. मी हात लावला नसता तर..."

मी त्यांना जवळ घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते परत सांगितलं. काही उपयोग झाला नाही. त्या रात्रंदिवस त्याच एका गोष्टीत अडकल्या होत्या. जेवण तुटलं. गाडीच्या चावीकडे बघायलाही तयार नसायच्या.

गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये लाद्या बसवायचं काम निघालं. गाडी हलवणं भाग होतं. मला चालवता येत नाही. शेवटी वहिनीच बसल्या, मी शेजारी. वॉचमननं शेजारच्या गाडीवरून बॅटरीला वायर जोडून दिल्या. इंजिन सुरू झालं आणि वहिनींनी माझं मनगट पकडलं. "ऐका. रेस माझीच आहे. ह्यांनी कमी केलीच नाही."

गाडी गेटजवळ नेऊन त्यांनी चावी फिरवली. आता थडथडाट होणार म्हणून मी डॅशबोर्ड धरला. पण इंजिन जागच्या जागी बंद झालं. इतकं पटकन, की आम्ही दोघी दचकलो.

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरला अंगठ्याएवढा एक नवाकोरा व्हॉल्व्ह लावलेला होता, त्याला लाल वायर. वॉचमननं वाकून पाहिलं. काकांनी तो त्याला दाखवला होता म्हणे. चावी काढली की हा पेट्रोलची वाट बंद करतो, मग रेस कितीही असो. रेस कमी करायची गरजच नाही. त्याच्या शेजारी वहिनींचा तो स्क्रू होता. त्यावर पिवळ्या रंगाचा ताजा ठिपका होता. कंपनीत दादा असा ठिपका कशावर द्यायचा ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. हे बरोबर लागलंय, याला आता कुणी हात लावायचा नाही, अशा नटावर.

वहिनींनी त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग एकदम चिडून, दादा समोर उभा असावा तशा म्हणाल्या, "माहीत होतं, तर सांगायचं तरी होतं ना!"