कायमचा पत्ता

वीरेंद्रचं काम आईला, आनंदाबाईंना, कोणी विचारलं की त्या सांगत, "पोरगा कम्प्युटरवर लोकायले पंगतीत बसवते." यात काही खोटं नव्हतं. लोड बॅलन्सर म्हणजे लग्नातला तो घामाघूम काकाच. आलेल्या प्रत्येकाला "तुम्ही या रांगेत, तुम्ही त्या रांगेत" करत वेगवेगळ्या सर्व्हरकडे धाडायचं, म्हणजे एकावरच गर्दी लोटत नाही. मांडव हलला, तर जुन्या जागी येणाऱ्याला नवी वाट दाखवायची. तिचं नाव रीडायरेक्ट.

वीरेंद्र गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला, पुनर्वसनातल्या घरी बसून 'नदीखबर' ही साइट सांभाळी. धरणाचे दरवाजे उघडणार असले की काठच्या गावांना ती आधी सांगे. कंपनीनं साइटचा पत्ता बदलला आणि जुना पत्ता नव्याकडे वळवायचं काम त्याच्याकडे आलं.

वळवताना एकच प्रश्न येतो: तात्पुरतं की कायमचं?

या घरात 'तात्पुरतं' हा शब्द शिवीसारखा. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा कुटुंब तात्पुरतं म्हणून टिनाच्या शेडात आलं. वीरेंद्र तिथंच रांगला आणि दप्तर घेऊन शाळेतही तिथूनच गेला. वडील नत्थू मासेमारी करत. ते आजही म्हणत, "माह्यापुढं तात्पुरतं म्हणू नको बापू, अंगावर काटा येते."

म्हणून वीरेंद्रचं बोट सवयीनं 'कायमचं' वरच पडे. त्या सकाळी करून पाहायला त्यानं जुना पत्ता आधी चाचणीच्या पानाकडे वळवला, तोही 'कायमचा'. त्या पानावर बारमाही एकच मजकूर: 'नदी शांत. उतरायला हरकत नाही.' वाट चालते हे पाहून त्यानं ती खऱ्या पानाकडे फिरवली, आणि आईकडे चहा मागितला.

चहा अर्धा झाला तेवढ्यात खऱ्या पानावर लाल पट्टी आली. दरवाजे उघडणार.

"बाबा कुठं आहेत?"

"नदीवर. आत्ताच फोन पाहून गेले. नदी शांत हाये म्हणे."

"शांत? कोणत्या पानावर?"

"मले काय विचारतेस? पान तुहं!"

वीरेंद्रनं कप खाली ठेवला. कायमची सांगितलेली वाट फोन लक्षात ठेवतो. मग तो काकाला विचारायलाही थांबत नाही, सरळ पहिल्यांदा दाखवलेल्याच मांडवात, म्हणजे चाचणीच्या पानावर, शिरतो. मधल्या वेळात ज्यांनी पान उघडलं, ते सगळे शांत नदीकडे निघाले होते.

त्यानं घाईघाईनं चाचणीच्या पानावरच धोक्याचा मजकूर चढवला. आता जो उघडेल त्याला खरं दिसेल. पण नत्थूंनी आधीच उघडलं होतं आणि नदीच्या खोलगटात फोन लागत नाही. तरी त्यानं लावून पाहिला. मग चप्पल न घालताच धावला.

काठावर हवा पडली होती. बगळे एकाएकी उठून गेले. वरून धरणाचा भोंगा वाजू लागला आणि नितळ पाण्यात गढूळ रेघ शिरली.

"बाबा! निघा! पाणी येऊन राहिलं!"

मधोमध डोंग्यात नत्थू जाळं ओढत होते. त्यांनी कानाला हात लावला, हसले.

"काहून बोंबलतेस रे? भोंगा तं दर वेळी वाजते!"

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि दोन्ही हातांनी उंच धरला, पोराला पोराचंच काम कौतुकानं दाखवत.

"पाय ना! शांत हाये म्हणते!"

जाळं सुटलं होतं आणि डोंगा हळूच आडवा फिरत होता.