ग्रुपमध्ये आलेली टाकी

समस्त गोरेगावकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या दूध केंद्राच्या मोबाईल ग्रुपमध्ये एक टाकी दाखल झाली आहे!

तिला तिथं आणलं केंद्राच्या कॉम्प्युटरवाल्यानं. हा गृहस्थ माणसांशी मोजकंच बोलतो, यंत्रांना मात्र अहो-जाहो करतो. थंड ठेवलेलं दूध तापू लागलं की ही टाकी स्वतः ग्रुपवर निरोप टाकते. केंद्राचे अध्यक्ष तेव्हा हसले होते, "काहून लोखंडाला बोलायला शिकवून राहिला?"

परवा लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. टाकीचा निरोप : "मी गरम होऊन राहिले." गावाचं सगळं दूध नासणार! कॉम्प्युटरवाला भरल्या ताटावरून उठला, "आलोच, थांबा," असं टाकीला लिहिलं आणि पळत सुटला. मागून आम्ही. त्यानं बंद पडलेलं कूलिंग चालू केलं, दूध वाचलं.

धापा टाकत अध्यक्षांनी टाकीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आता बरं वाटून राहिलं का, माय?"