मशीनवर लावलेली धार

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. नाव सांगत नाही. सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. फायबरची एक झोपडी, दोन बंकर, एक रेडिओ सेट आणि वर्षातले सात महिने बर्फ. मी हवालदार, सेक्शन कमांडर. गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. माझ्या हाताखाली नऊ जवान. त्यातला नायक सोमा गवारी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातला, तळेघरचा. सेक्शनमध्ये माझ्या भागातला तेवढाच एक. आमची मराठी सुरू झाली की बाकीचे हसायचे.

०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज. ०७०० ला चहा. ०८०० ला रेडिओवर रिपोर्ट, मग बर्फ उपसणं. आठवड्यातून दोनदा लिंक पेट्रोल, म्हणजे खालच्या पोस्टवर उतरायचं आणि तिथून रॉकेल आणि रेशन स्लेजवर बांधून वर ओढत आणायचं. गावाकडे लोकांना वाटतं, सैनिक म्हणजे रोज गोळीबार. मी तिथे दोन हिवाळे काढले आणि एकही गोळी झाडली नाही. रॉकेल मात्र खूप ओढलं.

सोमाकडे घडीचा एक चाकू होता. आमचे एक कंपनी कमांडर बदली होऊन जाताना त्याला देऊन गेले होते. विलायती, उंची पोलादाचा. पातं चार बोटं लांब, हातमोज्यातूनही अंगठ्याने उघडता येई. सोमाचं त्या चाकूवर नव्या नवऱ्यासारखं प्रेम होतं. कुणाला सहज द्यायचा नाही.

त्याला धारेचं वेडच होतं. घरी भात आणि नाचणी, हातात लहानपणापासून कोयता. तो म्हणायचा, "पयल्या दिशी समदीच पाती कापत्यात, भाऊ. तिसाव्या दिशी कोन कापतंय त्ये बघायचं." मग सुताचा जाड दोर घेऊन बसायचा आणि एकेक तुकडा पाडत मोजायचा. तीस तुकडे झाले की त्याच पात्याने कागद उभा चिरून दाखवायचा. आम्ही त्याला धारवाला म्हणायचो.

पात्याचं पाणी म्हणजे काय, हेही त्यानेच मला समजावलं. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं तडकू शकतं. म्हणून त्याला पुन्हा हलकं तापवून थोडं मऊ करायचं. हा तोल म्हणजे पात्याचं पाणी. तो साधला तर धार टिकते. एकदा साधलेलं पातं पुन्हा जास्त तापलं तर पाणी उतरतं, आणि मग वरून ते कितीही चकचकीत दिसलं तरी आत राम नसतो. हे सगळं मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

त्या वर्षी डिसेंबरात एका जवानाने सोमाच्या चाकूने गोठलेला डबा उचकटला आणि धारेला खाच पडली. सोमा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पोस्टवरच्या छोट्या दगडावर ती खाच निघेना. मी जानेवारीत सुट्टीवर निघालो तेव्हा त्याने चाकू रुमालात बांधून माझ्याकडे दिला.

"घोडेगावला आमचा लोहार हाये, भाऊ. म्हातारा हाये, पन हात सोन्याचा. त्याच्याकडंच द्या. दगडावर, पानी मारत. मशीनवर न्हाई."

"देतो रे बाबा."

"मशीनवर न्हाई हां."

"एकदा सांगितलं ना!"

सुट्टी कशी गेली ते सुट्टीवर आलेल्या प्रत्येक फौजीला विचारा. पुतणीचं लग्न, विहिरीची मोटर, पाहुणे. घोडेगावला जायचं आज-उद्यावर राहिलं. निघायच्या दिवशी चाकू रुमालातच होता. आळेफाट्याच्या रस्त्याला एक वर्कशॉप आहे, तिथे रोटाव्हेटरची पाती घासतात. दुपारी दीडची एसटी होती. मी एक वाजता तिथे पोचलो.

कारागीर चांगला होता. त्याने पातं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्ये लई भारी पोलाद हाये. थांबत थांबत, पान्यात बुडवत करावं लागंल. दोन तास तरी धरा."

"दोन तास कुठले? यष्टी जाईल माझी."

"मग ऱ्हाऊ द्या. परत या कवातरी."

"अरे घे रे पटकन. चाकूच आहे, काय विमान आहे?"

हे वाक्य माझं. मी अजून झोपेतून उठून ते ऐकतो. त्याने मान हलवली आणि पातं ग्राइंडरला लावलं. ठिणग्या उडाल्या. पाच मिनिटांत खाच गेली. धारेच्या कडेने निळी-जांभळी पट्टी उमटली होती, टोकाकडे करडी. कारागिराने पातं पुसून माझ्या हातात दिलं. मी एसटी पकडली.

गाडीत मला त्या पट्टीचा अर्थ कळत होता. पुण्याला स्टेशनबाहेर मी पॉलिश पेपर घेतला आणि रेल्वेत बसून ती निळाई घासून काढली. पातं पुन्हा पांढरं झालं. सोमाला सांगायचं टाळण्यासाठी मी दौंड येईपर्यंत घासत होतो. हवालदार माणूस, चौदा वर्षांची नोकरी, आणि शाळेतल्या पोराने प्रगतिपुस्तक लपवावं तसं माझं चाललं होतं.

पोस्टवर पोचलो तसा सोमाने चाकू उघडला, मनगटावरचे केस काढून बघितले. साफ निघाले. पाणी उतरलेलं पातंही पहिल्या दिवशी कापतं.

"झकास. काय म्हनला म्हातारा?"

"तुझी चौकशी करत होता," मी म्हणालो.

तो खूश झाला.

फेब्रुवारीत एका सकाळी ०९१५ ला आम्ही खालच्या पोस्टवरून भरलेली स्लेज घेऊन निघालो. सहा जण. हवा स्वच्छ, ऊन चांगलं. सोमा हार्नेसचे पट्टे कमरेला बांधून पुढे ओढत होता. त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी दोन दोर मागे स्लेजला. मी आणि लान्स नायक कदम मागून ब्रेकचा दोर धरून. उरलेले तिघे पुढे वाट तपासत. संगिनी पोस्टवर होत्या आणि झाडी तोडायचा दाव स्लेजवर बांधलेला होता. कापायचं हत्यार म्हणजे सोमाच्या खिशातला तो चाकू, एवढंच.

११४० ला आम्ही नाला ओलांडत होतो. बर्फाने झाकलेला, नेहमीच्या वाटेवरचा. पुढचे तिघे पार झाले. सोमा पार झाला. स्लेज मध्यावर आली आणि बर्फ बसला. ब्रेकचा दोर आमच्या हातांची सालटी काढत गेला. स्लेज खाली पाण्यात, आणि पाण्याला ओढ अशी की तिने सोमाला उताणा ओढत परत त्या भोकात नेला.

मी काठावर पालथा पडलो. कदमने माझे पाय धरले. सोमा छातीपर्यंत पाण्यात होता. दोन्ही दोर ताणून बर्फाखाली गेलेले. स्लेज कुठेतरी अडकली होती आणि प्रवाह तिला अजून ओढत होता. हार्नेसचं बक्कल पाठीमागे, पाण्याखाली. तिथे हात पोचत नव्हता.

पलीकडच्या काठावरून तिघांपैकी कुणीतरी रेडिओवर पोस्टशी बोलत होता.

"अल्फा, दिस इज लिंक. वन मॅन इन वॉटर. ओव्हर."

"लिंक, से अगेन."

"आदमी पानी में है. नर्सिंग असिस्टंट भेजो. जल्दी. ओव्हर."

सोमाने स्वतःच खिशातून चाकू काढला. बोटं निळी पडत होती, तरी अंगठ्याने उघडून मूठ माझ्याकडे करून दिला.

"घ्या भाऊ. धार हाये."

दोर नायलॉनचे, बोटाएवढे जाड, वर बर्फाचं कवच, आत रेतीचे कण. उजवा दोर मी तीन मिनिटांत कापला. सोमा एका बाजूला वळला आणि हनुवटीपर्यंत आत गेला. मी डाव्या दोराला चाकू लावला. पहिले दोन-तीन पीळ तुटले. मग पातं घसरायला लागलं. मी जोर लावला. ते दोरावरून लाकडी पट्टीसारखं मागेपुढे होत होतं. मी अंगठा धारेवरून फिरवला. अंगठा कापला नाही. धार दुमडली होती.

एकदा मला वाटलं, आता मी ओरडेन. ओरडलो नाही. दोर पुढे ओढून दातात धरायचा प्रयत्न केला. तोंड पोचत नव्हतं. पुन्हा चाकू. टोक घातलं, पीळ उचकटले, एकेक धागा तोडायला लागलो. वेळ किती गेला ते नंतर रेडिओ लॉगवरून कळलं.

सोमा माझ्या हाताकडे बघत होता. धारवालाच तो. त्याला कळायला किती वेळ लागणार?

"कशावर लावली व्हती?" त्याने विचारलं. दात वाजत होते, पण शब्द स्पष्ट होते.

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "मशीनवर," मी म्हणालो.

त्याने पुन्हा दोराकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. कापत ऱ्हावा."

त्यानंतर तो बोलला नाही. मी कापत राहिलो. १२०२ ला दोर तुटला. आम्ही त्याला बाहेर ओढलं, कपडे फाडले, दोघे त्याला कवटाळून स्लीपिंग बॅगेत शिरले. मी त्याचे हात माझ्या काखेत धरून त्याला शिव्या देत होतो, उठ म्हणून. १२३५ ला नर्सिंग असिस्टंट पोचला. १२५० ला त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उस्ताद, छोड दो."

पहिला दोर तीन मिनिटांत तुटला होता. दुसराही तेवढ्यातच तुटला असता. हा हिशेब करायला मला डॉक्टर लागला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली. नाला, बर्फ, हवामान, सगळं लिहिलं गेलं. चाकूबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सोमाच्या सामानाची यादी मीच केली. घड्याळ, पाकीट, दोन स्वेटर, फोन. चाकू लिहिला नाही. एस्कॉर्ट म्हणून त्याच्या पार्थिवासोबत तळेघरला जायचा हुकूम मला आला, तेव्हा बोटांना फ्रॉस्टबाइट झालाय म्हणून सांगितलं. झाला होता, पण जाता आलं असतं. दुसऱ्या प्लॅटूनचा एक जण गेला. त्याने सोमाला धड बघितलंही नव्हतं.

चार वर्षं मी तो चाकू ट्रंकेत ठेवला. पेन्शनवर आलो. शाळेत झेंडावंदनाला बोलवायला लागले. मी शिस्तीवर भाषण द्यायचो, पोरं टाळ्या वाजवायची आणि मला तोंड लपवायला जागा पुरत नसे.

शेवटी यंदा एके दिवशी घोडेगावला गेलो. म्हातारा लोहार होता. त्याने धारेवर कानस फिरवली, ती मऊ लोखंडात रुतावी तशी रुतली. मग पात्याच्या मागच्या भागावर फिरवली, तिथे नुसतीच घसरली.

"मागं पोलाद साबूत हाये," तो म्हणाला. "कडंचं पानी जाळलंय कुनीतरी."

"मीच," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. जळालेला भाग तो दगडावर, पाणी मारत घासायला बसला. मी समोर बसून राहिलो, संध्याकाळपर्यंत. बसशी मला त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळेघर. उतरल्यावर तासभर चालावं लागलं. सोमाची बायको यमुना भाताच्या खाचरात होती. मी ओळख सांगितली. तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवला, मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी चाकू तिच्यासमोर ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. वर्कशॉप, एसटी, पॉलिश पेपर, दोर. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. ते जमलं नाही.

तिने चाकूला हात लावला नाही. बराच वेळ ती खाचराकडे बघत होती. मी वाट बघत होतो, ही मला शिव्या देईल, घराबाहेर काढेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"मशीनचं आमाला काय ठावं," ती म्हणाली. "पन तुमी इतकी वर्सं का न्हाई आला?"

मी खाली चाकूकडे बघितलं.

"तेंच्यासंगं जो आला, त्याला मी इचारलं. त्यो म्हनला, मी तिथं नव्हतो. सायबाच्या कागदात ल्हिवलंय, ड्यूटीवर. चार वर्सं मी वाट बघतीय, कुनीतरी तिथला येईल. त्यास्नी थंडी लई वाजली का, येवढंच इचारायचं व्हतं."

नुकसान भरपाई, पेन्शन, शाळेला नाव, सगळं त्या घरात पोचलं होतं. हे एवढंच कुणी पोचवलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

"वाजली, वैनी," मी म्हणालो. "लई वाजली. शेवटाला मात्र कमी झाली असावी. त्याचे हात माझ्या काखेत धरले होते मी."

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यासमोर खाली बसली.

"आता नीट सांगा," ती म्हणाली. "सकाळी काय खाल्लं व्हतं तेंनी, तितनं."

त्या सकाळी नायक सोमा गवारीने दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली होती. चहा दोनदा घेतला होता. मी तिथपासून सांगायला लागलो.