किल्ला बघायला आलेले पाहुणे

आमच्या आत्याचं लग्न सातारकरांच्या चांगुलपणामुळं राहिलं, असं मी म्हटलं की घरातले सगळे माझ्यावर डोळे वटारतात. वटारू देत. मी तिथं होते, ते नव्हते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. विशीत लग्न होऊन पुण्याला गेली आणि पाठोपाठ परतही आली, कारण नवऱ्यानं दुसरीकडे घर मांडलं होतं. रीतसर घटस्फोट झाला, तिला सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली आणि ती आमच्याच घरात राहिली. गल्लीतल्या बायका तिला 'ती टाकलेली' म्हणायच्या. तेही आमच्याच दारात बसून, आमचाच चहा पिऊन! माझं डोकं फिरायचं. आत्या मात्र कुणाला एका शब्दानं बोलायची नाही. ती सकाळी उजाडलं की अजिंक्यताऱ्यावर जायची, तटाला एक पूर्ण फेरी मारायची आणि कचेरीच्या वेळेआधी घरी हजर. पावसाळ्यात तट निसरडा झाला की तेवढ्यापुरती आतल्या वाटेनं चालायची, पण खाडा म्हणून नाही.

साताऱ्यात किल्ल्यावर फिरायला जाणं ही काही विशेष गोष्ट नव्हे, अर्धं गाव जातं. पण बहुतेक लोक दरवाज्यातल्या मारुतीला हात जोडून, वारा खाऊन, गप्पा मारून उतरतात. तटावरून चालणारी माणसं मोजकी. तट कुठं खांद्याएवढा उभा, कुठं ढासळून दगडांचा ढीग झालेला. एका बाजूला खाली सगळं गाव पसरलेलं, दुसऱ्या बाजूला सज्जनगडाकडचे डोंगर. आत्याला तिथं का आवडायचं ते मला लहानपणीच समजलं होतं. तिथं तिला कुणी काही विचारायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आत्या पंचेचाळिशीला टेकलेली असताना, तिला स्थळ आलं. सांगलीच्या मामानं आणलं. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघणारे गृहस्थ, बायको वारून काही वर्षं झालेली, एकुलती मुलगी आपल्या सासरी सुखात. मामा म्हणाला, "माणूस साधा आहे. आवाज चढवत नाही आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतो." आई म्हणाली, "एवढं पुष्कळ झालं की हो."

आम्हाला वाटलं, आत्या उडवून लावणार. पण ती भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "बोलवा. पण मी पोह्यांच्या बशा घेऊन पुढं येणार नाही. एकदा आले होते, तेवढं पुरे. मी रोज तटावरून चालते, त्यांनीही चालावं बरोबर. फेरी पुरी होईपर्यंत बोललो की काय ते कळेल."

वडील गडबडलेच. असलं बघणं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. पण आईनं नणंदेची बाजू घेतली, आणि आईनं एकदा बाजू घेतली की आमच्याकडं विषय संपायचा. दोन दिवस आधी आत्यानं मला हळूच बाजूला घेऊन काळ्या मेंदीचं पाकीट आणायला पाठवलं. "कुणाला सांगू नकोस गं," म्हणाली, आणि चक्क लाजली. तिच्या मनात होतं. हे मी आज मुद्दाम ठासून सांगते, कारण पुढं सगळे म्हणायला लागले की तिलाच नको होतं.

आईची एकच अट होती, बाहेर कळता कामा नये. जमलं तर उत्तम, पण फिसकटलं तर गल्लीतल्या त्या बायका पुन्हा आत्याचं नाव चघळत बसणार. म्हणून आईनं आम्हाला पढवलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, सांगलीचे पाहुणे आहेत, किल्ला बघायला आलेत." मी तेव्हा कॉलेजात होते. मला वेगळी सूचना. "तू बरोबर जा, लोकांना दिसायला. पण वर गेलीस की मागं राहा. चपलेचा अंगठा तुटला म्हण, फुलं तोड, काय वाट्टेल ते कर. दोघांना बोलू दे."

किल्ला बघायला आलेत! हे वाक्य सातारकराला ऐकवलं की काय होतं, हे इतकी वर्षं साताऱ्यात काढलेल्या माझ्या आईला सुचू नये? मला याचं अजून नवल वाटतं.

थंडीतला रविवार होता. ते आदल्या संध्याकाळी येऊन स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. किल्ल्याच्या चढाला आम्हाला भेटले ते पायात नवे कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात हातविणीचा स्वेटर, गळ्यात मफलर. अर्ध्या चढात स्वेटर काखेत आला. "आमच्या सांगलीत चढ म्हणजे कृष्णेच्या पुलावरचा," ते धापा टाकत म्हणाले, "त्याच्यापुढं आमची मजल नाही." आत्या खळखळून हसली. मी आपली दोघांकडं आळीपाळीनं बघतेय. मला एवढा आनंद झाला होता की मी आईची सूचना विसरून बडबडायलाच लागणार होते, पण वेळीच जीभ चावली.

दरवाज्यात आत्या त्यांचा दम खाली बसेपर्यंत थांबली. "बसायचं का जरा?" तिनं विचारलं. "नको, चालू या," ते म्हणाले, "चालता चालता बोलायला बरं पडतं." दोघं तटावर चढले. मी ठरल्याप्रमाणं चपलेशी खेळत मागं राहिले.

ती दोघं पहिल्या वळणाला पोचतात न पोचतात, तर समोरून सुभेदार आणि गुरुजी.

हे दोघं आत्याचे रोजचे सोबती. सुभेदार माण तालुक्यातले, मिलिटरीतून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधून राहिलेले. गुरुजी शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेले. ते तटावरून उलट्या दिशेनं यायचे, आत्या समोर आली की "काय बाई, आज उशीर?" म्हणायचे आणि पुढं जायचे. अख्ख्या गावात आत्याला तिच्या नवऱ्याबद्दल कधीही न विचारलेली हीच दोन माणसं असतील. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

"काय बाई, आज सोबत?" गुरुजींनी विचारलं.

"सांगलीचे पाहुणे आहेत," आत्या म्हणाली. "किल्ला बघायला आलेत."

झालं! दोघांची फेरी संपत आली होती, ते जागच्या जागी उलटे फिरले.

"आसं व्हय! आवं पावणं, मग हिकडं या की," सुभेदारांनी त्यांचा दंडच धरला. "हितनं खाली बगा. ह्यो बुरूज दिसला न्हवं? मोगलांनी सुरुंग लावला त्यो ह्येच्याच बुडाला."

"सुभेदार, कितीदा सांगायचं तुम्हाला," गुरुजी म्हणाले, "सुरुंगाचा बुरूज हा नव्हे. तो पलीकडचा. पाहुणे, तुम्ही पुढं चला, मी दाखवतो."

या बुरुजावरून दोघांचं रोज वाजायचं. आज त्यांना न्याय करायला माणूस सापडला. पाहुणे बिचारे सभ्य. ते प्रत्येक वाक्याला "असं का?" म्हणत होते. एवढ्यावर थांबावं ना? नाही. त्यांनी विचारलं, "मग तट आतल्या अंगाला कोसळला की बाहेरच्या?" मी मागं कपाळावर हात मारला. अहो, कशाला विचारलंत! गुरुजींना आयुष्यात इतका चांगला विद्यार्थी मिळाला नसेल. त्यांनी थेट औरंगजेबाच्या छावणीपासून सुरुवात केली.

आत्या दोनदा मुद्दाम हळू झाली, पाहुण्यांच्या बरोबरीला यावं म्हणून. पहिल्यांदा गुरुजी त्यांना सज्जनगड दाखवायला कडेला घेऊन गेले, दुसऱ्यांदा सुभेदारांनी तळी दाखवायला आत वळवलं. तिसऱ्यांदा ती हळू झाली नाही. तिच्या नेहमीच्या चालीनं पुढं चालायला लागली. पुढं आत्या एकटी, मागं हे तिघं, आणि सगळ्यात मागं मी. मी रडायच्या बेताला आले होते. शेवटी न राहवून मी पळत पुढं गेले आणि म्हणाले, "काका, तुमची फेरी झालीय ना? काकू वाट बघत असतील."

"काकू म्हायेराला गेलीया पोरी," सुभेदार खुशीत म्हणाले. "आज लय निवांत हाय."

खरं सांगायची सोय नाही, आणि वडिलांच्या वयाच्या माणसांना गप्प बसा म्हणायचं वळण नाही. मी पुन्हा सगळ्यांच्या मागं चालायला लागले.

फेरी पुरी होऊन सगळे दरवाज्यात आले. पाहुणे आत्यासमोर उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. पण दोन्ही बाजूंना हे दोघं. शेवटी म्हणाले, "बरीच माहिती मिळाली."

"हो," आत्या म्हणाली. "दोघांना सगळं पाठ आहे."

एवढंच. सबंध फेरीत दोघांचं बोलणं म्हणाल तर एवढंच झालं. त्यावर सुभेदारांनी कडी केली. "पावणं, आमच्याकडं च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई." पाहुण्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "जा ना. त्यांना बरं वाटेल." आणि ते गेले. तिकडून परस्पर स्टँडवर. घरी आईनं तरीही पोहे केलेले होते. ते आम्हीच खाल्ले, गार झालेले.

पंधरवड्यानं शेजारच्यांकडं मामाचा फोन आला. "ते म्हणतात, बाईंची इच्छा दिसली नाही." आईनं आत्याला सांगितलं. आत्या "बरं" म्हणाली आणि डबा घेऊन कचेरीत गेली. आई म्हणाली, "मला वाटतच होतं, हिला किल्ला सोडवायचा नाही." वडिलांनी मान डोलावली. मीसुद्धा डोलावली. आमच्या घरात ते तसंच ठरून गेलं.

दशक सरता सरता माझं लग्न झालं, तेही सांगलीलाच. सासरचे मला चिडवायचे, डोंगरावरची पोरगी सपाटीला आली म्हणून. सुरुवातीला मला करमायचं नाही. म्हणून मी तिथला किल्ला शोधत गेले, तर तो भुईकोट! आत सगळ्या कचेऱ्या, कागद घेऊन धावणारी माणसं, तटाचे कुठं कुठं उरलेले तुकडे. तरी मी अधूनमधून त्या तुकड्यांच्या कडेकडेनं चालून यायची. तिथंच एकदा मागून हाक आली, "तुम्ही सातारच्या ना?"

तेच होते. बरोबर बायको होती. गेल्याच वर्षी लग्न केलं म्हणाले. बाई फार गोड होत्या, मला घरी जेवायला या म्हणाल्या आणि कसलासा उतारा घ्यायला खिडकीकडं गेल्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आत्या कशा आहेत?"

माझा तोंडाळ स्वभाव. मी सरळ म्हणाले, "तुम्ही त्यांना काही विचारलंच नाहीत."

ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, एकटीनं बोलायला नको म्हणून त्यांनीच त्या दोघांना बोलावून ठेवलंय. शेवटी म्हणाल्याही, जा, चहाला जा. मग मी काय समजायचं?" खिडकीकडं एकदा बघून म्हणाले, "मला एकच विचारायचं होतं. मी साताऱ्याला राहायला आलो तर चालेल का. अडतीवरचं काम सोडायची तयारी ठेवून आलो होतो. तरी पुढं मी बरीच वाट बघितली." तेवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या आणि आम्ही पावसापाण्याचं बोलायला लागलो.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी आत्याबरोबर किल्ल्यावर गेले आणि तटावर सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं की हवं होतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं, त्यांनाच माझ्याशी बोलायचं नाही. सारखं आपलं त्या दोघांना काहीतरी विचारत होते." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "मी साहेबांना विचारून ठेवलं होतं गं. सांगलीला बदली मिळेल का म्हणून. साहेब हो म्हणाले होते."

मी जागच्या जागी उभी राहिले. "मग आम्हाला का नाही बोललीस?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, वडिलांनी नाही, मी नाही. आम्ही आपलं तिच्या वतीनं ठरवून मोकळे झालो होतो. आत्या तटावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला रडताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

आणि समोरून तेच दोघं येताना दिसले. थकले होते, सुभेदारांच्या हातात काठी आली होती. आता ते येऊन विचारपूस करणार, हे मला दिसत होतं. मी पळत पुढं गेले आणि म्हणाले, "काका, आज नको. आत्याला जरा बसू द्या."

"बरं पोरी," सुभेदार म्हणाले. का, कशाला, काही नाही. त्यांनी गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं आल्या वाटेनं परत फिरले. ते इतक्या सहज गेले, की मला तिथं उभ्या उभ्या रडू फुटलं.