गप्प बसलेली ताई

विजेची तार कधीच गप्प नसते म्हणे. तिच्यात सतत बारीक खरखर चालते, तार तापली की वाढते, आणि ती मोजून तापमान काढतात. हे मला मेहुण्यांनी सांगितलं. ते प्रयोगशाळेत असतात. मी म्हणालो, "आणि घरी आमच्या ताईजवळ!"

आज तीच बडबडी ताई मैदानाच्या कठड्याशी ओठ मिटून बसली होती. तिची मिनू आठशे मीटर धावणार होती, राज्याच्या संघात निवड व्हायची होती, आणि तिला धावणं शिकवणाऱ्या सरांनी ताईला बजावलं होतं, "आई, आज एक शब्द नको. पोरीवर दडपण येतं." ती शांतता मलाच सोसेना. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो.

अंग मोकळं करता करता मिनू धावत कठड्याशी आली.

"आई, मी हरणार वाटतंय ना तुला?"

"कोण म्हणालं?"

"मग गप्प का?"

जवळच्यांची बडबड आपण ऐकतो कुठे? तिच्या उबेवर नुसते हात शेकतो.

ताईने सरांकडे पाहिलं आणि ती बोलत सुटली. "केळं तसंच ठेवलंस डब्यात! बुटाची नाडी बघ, लोंबतेय! पडलीस तर उचलायला येणार नाही मी!"

मिनूने नाडी बांधली. तिचे खांदे सैल झाले.

"आता कसं!" म्हणाली, आणि रेषेकडे पळाली.