दोन बोटं माया

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. जुन्या इमारतीत खाली दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. गिऱ्हाइकं पाठीमागं त्यांना ‘मायाळू मास्तर’ म्हणायची, पण त्यात स्वभावाचं कौतुक काडीचंही नव्हतं. स्वभावापेक्षा सुईचं टोक बरं. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, ज्याला माया म्हणतात, ती मात्र हे सढळ हातानं ठेवायचे. बाकीचे शिंपी अर्धं बोट ठेवतील तिथं हे दोन बोटं. "माणूस काय आहे तेवढाच राहतो का?" म्हणायचे. आणि खरंच, लोक काही वर्षांनी सुटलेलं पोट घेऊन परत यायचे. हे शिवण उसवून आतली माया सोडायचे आणि तोच कोट पुन्हा अंगात जायचा.

मग ह्यांच्याच पोटात वाईट गाठ निघाली. ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले, ते परत आले, अंग काही परत आलं नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पोटावरचे टाके बघून म्हणाले, "कच्चा धावदोरा घातलाय." मला वाटलं, सुटलो, माणूस ठिकाणावर आहे. जिना चढवेना म्हणून लेकीनं हे तळमजल्यावरचं घर शोधलं. दुकान बंद केलं, मशीन घरात आणलं. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, आता खा, प्या, कामाला लागा.

कामाला लागा! तिथंच तर घोडं अडलं.

नव्या घराचे नव्याचे नऊ दिवससुद्धा आमच्या वाट्याला आले नाहीत. दिव्याच्या बटणासाठी माझा हात अजून दाराच्या डावीकडे जातो आणि तिथं नुसती भिंत. साखर काढायला म्हणून मी कपड्यांचं कपाट उघडते. ह्यांचं तर विचारूच नका, पायाला भिंगरी. खुर्चीत बसतील, उठतील, खिडकी उघडतील, लावतील, दारापर्यंत जाऊन परत येतील. कात्री घेऊन धार बघतील आणि खाली ठेवतील. पोटात जरा गुडगुडलं की ह्यांचा चेहरा पांढरा, आणि तो बघून माझं हातातलं काम तिथंच. गाठ परत आली तर? दोघांच्याही मनात हेच, पण तोंडातून शब्द काढायची सोय नाही.

आणि ते मशीन! आधी खिडकीशी ठेवलं. "उजेड डोळ्यांवर येतो." दाराशी नेलं. "वारा लागतो." कोपऱ्यात सरकवलं. "भिंत अंगावर येते." ह्यांना जड उचलायचं नाही, म्हणजे ओढणारी मीच. कंबर धरली तेव्हा मी सांगून टाकलं, "आता ह्याला मी हात लावणार नाही. आहे तिथं शिवा, नाहीतर भंगारात द्या. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

ह्यांनी नुसती मान डोलावली आणि खिडकीशी गेले. ते मला मुळीच आवडलं नाही. पूर्वी माझं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार असायचं.

लेकीचा फोन आला, रविवारी जेवायला या. ह्यांची करडी पँट कमरेत इतकी ढिली झालेली की पट्टा आवळला तर पोत्याचं तोंड बांधल्यासारखी दिसायची. मी म्हटलं, "अहो, ती जरा आत घ्या की." आणि नवल म्हणजे हे उठले, मशीनवर बसले. तो खडखडाट ऐकून स्वयंपाकघरात माझ्या जिवात जीव आला. चहा घेऊन बाहेर येते तर पँटची घडी खुर्चीवर आणि हे पुन्हा खिडकीशी उभे.

मी केर काढायला घेतला. मशीनखाली करड्या कापडाच्या लांबट पट्ट्या पडलेल्या. ह्यांच्या दुकानात मी जन्मभर काजं-बटणं केली आहेत. पँट आत घेताना जादा कापड कापत नाहीत, आत दुमडून ठेवतात, एवढं मला कळतं. मी पँट उलटी केली. शिवणीलगत सगळं साफ.

"अहो, माया कापलीत?"

"हं."

"चुकून?"

"चुकून कशाला? आतल्या आत टोचते नुसती."

"आणि पुन्हा सोडायला लागली तर?"

"नाही लागायची," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. गिऱ्हाइकाच्या ढेरीवर एवढा विश्वास ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत कात्री लावून मोकळा! आता आपण भरणार नाही, उलट झिजत जाणार, हे ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला न विचारता. भांडावं तर समोर बोलणारं कुणी नाही. मी केरातल्या पट्ट्या उचलल्या, झटकल्या आणि सुईदोरा घेऊन बसले. पँट उसवली, पट्ट्या होत्या तिथं परत जोडल्या. काज मला डोळे मिटून येतं, शिवण सरळ येत नाही. कधी आलीच नाही.

रविवारी सकाळी ती पँट ह्यांच्यापुढे टाकली. "घाला."

ह्यांनी ती उजेडात धरली. "हे काय आहे? शिवलंय की उंदरानं कुरतडलंय?"

"मी शिवलंय. हीच घालून चला. कुणी विचारलं तर सांगेन, मास्तरांच्या हातची आहे."

"माझं नाव सांगशील?" आवाज चढला. किती दिवसांनी चढला! "एवढी वर्षं दुकानात बसून हे शिकलीस? आण ती कात्री. बघत काय राहिलीस, आण!"

मी आणली. हे मशीनवर बसले, माझे टाके एकेक उसवले, प्रत्येक टाक्याला एक शिवी दिली आणि पट्ट्या नीट जोडून दिल्या. मग पँट हातात घेऊन बराच वेळ आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले.

"ही आजच्यापुरती चालेल," म्हणाले. "ते निळं कापड काढ. लेकीनं दिलेलं."

"आत्ता? ती जेवायला थांबलीय."

"थांबू दे. टेप धर."

स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. मी टेप ह्यांच्या कमरेभोवती फिरवली. हाडं हाताला लागली. आकडा सांगितला. ह्यांनी निळ्या कापडावर खडूनं तेवढ्यावर रेघ मारली, मग तिच्या बाहेर दोन बोटं टेकवली. थांबले. आणखी दोन बोटं टेकवली आणि दुसरी रेघ मारली.

"मास्तर, एवढी माया?" मी म्हटलं.

"लागेल," हे म्हणाले. मग मशीनकडे बघून तोंड वाकडं केलं. "इथं काही दिसत नाही. खिडकीशीच बरं होतं. धर त्या बाजूनं."

मी धरलं.